आमच्या कास्टिंगला डेबिट नोट, अणुभट्टीच्या पुरवठादाराला माफी? : शिरोलीच्या एका फौंड्रीवाल्याचं खुलं पत्र

प्रति,
मा. सचिव, अणुऊर्जा विभाग, भारत सरकार, अणुशक्ती भवन, मुंबई
आणि
मा. सचिव, ऊर्जा विभाग, महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

डिसेंबर २०२५मध्ये संसदेनं अणुऊर्जेचा नवा कायदा मंजूर केला. १५ तारखेला विधेयक लोकसभेत आलं, १७ला तिथं मंजूर झालं आणि १८ला राज्यसभेतूनही पार पडलं. १९६२चा अणुऊर्जा कायदा गेला आणि अणुअपघाताच्या नुकसानभरपाईचा २०१०चा कायदाही गेला. चार दिवसांत दोन कायदे निकालात निघाले. आमच्याकडं नव्या कास्टिंगचं, म्हणजे वितळलेलं लोखंड साच्यात ओतून केलेल्या भागाचं, सॅम्पल पास व्हायला याहून जास्त वेळ लागतो, आणि तो लागलाच पाहिजे असं आमचं मत आहे.

या कायद्यातल्या काही गोष्टी मला पटतात. अणुऊर्जा नियामक मंडळाला कायद्यानं दर्जा मिळाला, हे चांगलं झालं; ते फार पूर्वीच व्हायला हवं होतं. खासगी कंपन्यांना दार उघडलं, त्यालाही माझी सरसकट हरकत नाही. एक गोष्ट मात्र अजिबात पटत नाही आणि त्याचं कारण माझा धंदा आहे. म्हणून हे पत्र तुम्हाला लिहितोय. उघड लिहितोय ते एवढ्यासाठी, की पुढची पन्नास-साठ वर्षं ज्यांच्या नावावर या विजेचं बिल फाटणार आहे, त्यांनीही ते वाचावं.

शिरोली एमआयडीसीत माझी मध्यम आकाराची फौंड्री आहे. वडील उद्यमनगरात ऑइल इंजिनाच्या कास्टिंगचे मोल्डर होते, क्युपोलाच्या धगीत त्यांची उमेद गेली. मी इंडक्शन फर्नेसवर आलो. क्युपोला कोक खायचा, ही वीज खाते. एक टन लोखंड वितळवायला सहाशे युनिटच्या आसपास जातात. ऑपरेटर नवखा असला किंवा हीट (भट्टीतलं एका वेळचं वितळण) लांबली तर त्याहून जास्त. सँड प्लँट, कॉम्प्रेसर, शॉट ब्लास्टिंग आणि फेटलिंगचे ग्राइंडर यांची वीज वेगळी. आमच्या महिन्याच्या खर्चात स्क्रॅप आणि पिग आयर्नच्या खालोखाल विजेचं बिल येतं. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलची पंचतारांकित वसाहत धरून या परिसरात तीनशेच्या आसपास फौंड्र्या आहेत आणि सगळ्यांची रड हीच आहे. दर दोन-चार वर्षांनी इथले उद्योजक कर्नाटकात जाण्याची भाषा करतात. कागल ओलांडलं की कर्नाटक लागतं, त्यामुळं ती भाषा निव्वळ धमकीची नसते.

वर्षानुवर्षं आम्ही भट्ट्या रात्री चालवल्या, कारण रात्री दहा ते सकाळी सहा युनिटमागं सवलत होती. पोअरिंगवाल्यांच्या दोन पिढ्यांनी त्या सवलतीपायी झोपेचं खोबरं करून घेतलं. आता सौरऊर्जा वाढली तसं दराचं घड्याळ उलटं झालंय. ऊन असताना सवलत आणि संध्याकाळी पाचनंतर जादा आकार. हिशेब म्हणून ते चूक नाही, कारण दुपारी वीज मुबलक असते. पण भट्टी संध्याकाळी बंद ठेवून सकाळी नऊला पुन्हा पेटवायची म्हटलं की गार लायनिंग तापवण्यातच युनिट जातात, आणि लायनिंगला तडे पडतात ते वेगळेच. आमच्या पाळ्या आता कशा लावायच्या, यावर शिरोलीत रोज खल चालतो. दुपारच्या विजेचा प्रश्न सूर्यानं बराचसा सोडवला आहे. सूर्य मावळल्यावर कोळशाशिवाय दुसरं काय, हा प्रश्न मात्र तसाच आहे.

कोयना आहे, १,९६० मेगावॉटची. पण तिचं पाणी किती पश्चिमेला वळवायचं याला कृष्णा लवादाची मर्यादा आहे, ती चोवीस तास चालवता येत नाही. आमच्याच भुदरगडात पाटगावला २,१०० मेगावॉटचा पंप स्टोरेज प्रकल्प येऊ घातलाय. दुपारच्या स्वस्त विजेनं पाणी वर चढवायचं आणि रात्री खाली सोडून वीज करायची. मधाचं गाव म्हणून नाव मिळवलेल्या पाटगावच्या लोकांना तिथलं जंगल आणि पाणी जाण्याची धास्ती आहे आणि त्यांचं म्हणणं ऐकून घेतलंच पाहिजे. हे सगळं बघता अणुविजेकडं दुर्लक्ष करता येत नाही. कारवारजवळच्या कैगा अणुवीज केंद्राची पहिली अणुभट्टी १३ मे २०१६ ते ३१ डिसेंबर २०१८ अशी सलग ९६२ दिवस न थांबता चालली. २२० मेगावॉटची, भारतीय बनावटीची भट्टी. ज्याची भट्टी हीटच्या मध्यात वीज गेल्यामुळं कधी गोठली असेल, त्याला ९६२ या आकड्याचं मोल वेगळं सांगायला नको.

आणि आता युरोपात माल पाठवणारे ग्राहक कास्टिंगमागं कार्बन किती गेला ते विचारू लागले आहेत. १ जानेवारी २०२६पासून तिथला कार्बन सीमा कर पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंटला प्रत्यक्ष लागू झालाय. आज आमच्या मालावर आला नसला तरी फॉर्म भरून मागायला सुरुवात झाली आहे. कोळशाच्या विजेवर वितळवलेलं लोखंड उद्या महागात पडणार, हे उघड आहे.

तेव्हा हे पत्र अणुविजेला विरोध करणाऱ्याचं नाही, ती हवी असणाऱ्याचं आहे. म्हणूनच पुढच्या तक्रारी जरा सविस्तर मांडतो.

पहिली आणि सगळ्यांत मोठी तक्रार पुरवठादाराच्या जबाबदारीची.

२०१०च्या कायद्यात कलम १७(ब) होतं. अपघात झाला तर भरपाई आधी केंद्र चालवणाऱ्यानं द्यायची. पण यंत्रसामग्रीत उघड किंवा लपलेला दोष होता, किंवा सेवा निकृष्ट होती असं निघालं, तर ती रक्कम पुरवठादाराकडून वसूल करण्याचा हक्क चालवणाऱ्याला होता. हे कलम आकाशातून पडलं नव्हतं. १९८४ला भोपाळ झालं, १९८९ला ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली आणि जून २०१०मध्ये फौजदारी खटल्याचा निकाल लागला तो दोन-दोन वर्षांच्या शिक्षेचा. त्याच पावसाळ्यात संसदेत अणुदायित्वाचं विधेयक होतं. लोकांचा संताप ताजा होता, म्हणून ते कलम आलं.

नव्या कायद्यात ते नाही. करारात तसं स्पष्ट लिहिलेलं असेल, किंवा कुणी मुद्दाम नुकसान घडवलं असेल, तरच वसुली करता येईल. आता करारात ते कोण लिहून देईल? विकणारे जगात मोजून पाच-सात, आणि घेणाऱ्याला २०४७पर्यंत १ लाख मेगावॉटचं उद्दिष्ट गाठायची घाई.

आमच्या धंद्यात हे कसं चालतं ते सांगतो. प्रत्येक कास्टिंगवर हीट नंबर असतो. त्या नंबरावरून कुठल्या दिवशीची, कुठल्या पाळीची हीट, स्पेक्ट्रोवर केमिस्ट्री काय आली, वाळूचा ओलावा किती होता, पोअरिंग कुणी केलं, सगळं काढता येतं. पुण्याकडच्या एका ग्राहकाकडं आमच्या हाउसिंगमध्ये मशीनिंगनंतर ब्लो-होल, म्हणजे धातूत अडकलेल्या वायूची पोकळी, निघाली. आतली होती, आमच्या तपासणीत दिसली नव्हती. लॉट परत आला. नुसता कास्टिंगचा दर कापला नाही, तर त्यांनी केलेल्या मशीनिंगचा खर्च, वाहतूक आणि त्यांची लाइन थांबली त्याचे पैसे, सगळं मिळून डेबिट नोट आली. नफ्याचं सोडा, त्या लॉटच्या किमतीहून नोट मोठी होती. मी भांडलो, पण थोडंच. कारण नियम बरोबर आहे. लपलेल्या दोषाची जबाबदारी ज्यानं माल केला त्याची. ती जबाबदारी डोक्यावर आहे म्हणून रात्री दोन वाजता माझा सुपरवायझर लॅडलचं तापमान मोजल्याशिवाय ओतायला देत नाही. ट्रॅक्टरच्या सुट्या भागाला जो नियम, तो अणुभट्टीच्या पात्राला का नाही, एवढंच मला विचारायचं आहे.

आणि हा प्रश्न हवेतला नाही. जैतापूरला ज्या फ्रेंच ईपीआर भट्ट्या आणायचं ठरलंय, त्याच जातीची एक फ्रान्समध्ये फ्लामांव्हिलला बांधली. एप्रिल २०१५मध्ये तिथल्या अणुसुरक्षा प्राधिकरणानं जाहीर केलं, की भट्टीच्या पात्राच्या झाकणात आणि तळात कार्बनचं प्रमाण जास्त आहे. ०.२२ टक्क्यांच्या वर जायला नको होतं, तिथं ०.३० आढळलं. कार्बन वाढला की पोलाद कडक होतं आणि चिवटपणा जातो, हे आमच्याकडचा शिकाऊ मुलगाही सांगेल. मोठा इंगॉट, म्हणजे पोलादाचा ओतीव ठोकळा, गार होताना वरच्या भागात कार्बन साचतो. तो भाग पुरेसा कापून टाकायचा असतो, तो कापला गेला नव्हता. ज्या ल क्रूझो फोर्जमध्ये ते भाग घडवले, तिथल्या गुणवत्तेच्या नोंदींमध्ये खाडाखोड आणि फेरफार झाल्याचं २०१६मध्ये बाहेर आलं. पुढं झाकण ठरावीक काळात बदलायच्या अटीवर भट्टीला परवानगी मिळाली. म्हणजे जगातल्या सगळ्यांत नावाजलेल्या अणुदेशात, सगळ्यांत कडक तपासणीखाली, सगळ्यांत महत्त्वाच्या भागात लपलेला दोष निघाला आणि कागदही खोटे निघाले. कलम १७(ब) नेमकं यासाठीच होतं.

आपल्याकडचंही एक उदाहरण विसरू नये. मे १९९४मध्ये कैगाच्या त्याच पहिल्या भट्टीच्या आवरणाच्या घुमटाचं काँक्रीट बांधकाम चालू असतानाच सुटून खाली आलं. आत इंधन नव्हतं म्हणून निभावलं. नंतर आराखडा सुधारला आणि त्याच भट्टीनं पुढं विक्रम केला. चुका होतात, त्या पकडता आल्या आणि त्यांचे पैसे कुणी भरायचे ते ठरलेलं असलं, की सुधारतातही.

तुमचं उत्तर मला ठाऊक आहे. जगभर जबाबदारी चालकावरच असते, या कलमापायी अमेरिकी आणि फ्रेंच कंपन्या पंधरा वर्षं उंबऱ्यावर उभ्या राहिल्या, २०१५मध्ये दीड हजार कोटींचा विमा निधी काढला तरी गाडं हललं नाही, आणि देशी पुरवठादारही बिचकले. यातलं शेवटचं खरं आहे. एखादा व्हॉल्व्हचं कास्टिंग पुरवणारा कोल्हापूरचा किंवा बेळगावचा माणूस संपूर्ण केंद्राचं दायित्व अंगावर कसा घेईल? त्याला त्याच्या ऑर्डरच्या किमतीपुरती किंवा विम्यापुरती मर्यादा घालून द्या, ते न्याय्य होईल. पण त्याच्या आडोशानं भट्टीचं डिझाइन विकणाऱ्या आणि मुख्य पात्र पुरवणाऱ्या बलाढ्य कंपनीला का सोडायचं? छोट्याची अडचण दाखवून मोठ्याला माफी देणं, हे आम्हाला नवं नाही. वीजदरातही आम्ही ते बघत आलो आहोत.

आता रकमा बघा. सगळ्यांत मोठ्या भट्टीसाठी चालकाचं दायित्व ३,००० कोटी रुपयांपर्यंत. आपल्या ७०० मेगावॉटच्या देशी भट्टीसाठी १,५०० कोटी. आणि एकूण मर्यादा ३० कोटी एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक), म्हणजे आजच्या भावानं साडेतीन-पावणेचार हजार कोटी. फुकुशिमाच्या सफाईचा, भरपाईचा आणि भट्ट्या मोडून काढण्याचा खर्च जपान सरकारनं २०१६मध्ये २१.५ लाख कोटी येन धरला होता. रुपयांत तो दहा लाख कोटींच्या वर जातो. तसा अपघात होण्याची शक्यता फार कमी आहे, हे मीही मानतो. पण शक्यता एवढी कमी असेल, तर पुरवठादाराला सही करायला भीती कशाची?

दुसरी तक्रार दराची. कोळशाच्या केंद्राचा दर ठरतो तेव्हा वीज नियामक आयोगापुढं सुनावणी होते. आम्ही कोल्हापूरचे उद्योजक आणि इरिगेशनवाले शेतकरी तिथं जाऊन हरकती घेतो, कधी ऐकतात, बहुतेक वेळा नाही, पण कागद तरी समोर येतो. अणुविजेचा दर मात्र आजवर तुमच्याच विभागानं ठरवला. जो प्रकल्प उभारतो, चालवतो, त्याच्याच खात्यानं दर ठरवायचा आणि ग्राहकानं तो बिलात वाचायचा. तारापूरच्या १९६९च्या भट्ट्यांची वीज स्वस्त होती, जुन्या देशी भट्ट्यांचीही परवडते, हे मान्य. पण नव्या, परदेशी भट्टीचं तसं नाही. फ्लामांव्हिलचं काम २००७ला सुरू झालं, २०१२ला संपायचं होतं, ग्रिडला वीज मिळाली २१ डिसेंबर २०२४ला. खर्च ३.३ अब्ज युरोवरून १३.२ अब्जांवर गेला, हा कंपनीचाच आकडा. फिनलंडच्या ओल्किलुओटोचं काम २००५ला सुरू झालं आणि नियमित वीज २०२३ला आली. अणुविजेत इंधन स्वस्त असतं, महाग असतं ते भांडवल आणि त्यावरचं व्याज. काम बारा वर्षं लांबलं की ते व्याज युनिटमध्ये उतरतं.

रत्नागिरी जिल्ह्यानं आणि महाराष्ट्रानं हे एकदा भोगलं आहे. १९९३ला दाभोळचा एन्रॉनचा करार झाला. त्यातली कलमं लोकांपुढं यायला बरीच ओढाताण करावी लागली. पुढं युनिटचा दर असा भडकला की २००१मध्ये वीज मंडळाला ती वीज घेणंच बंद करावं लागलं. कंपनी त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली, बोजा इथंच राहिला. एन्रॉनच्या दाभोळपासून जैतापूर एकाच जिल्ह्यात, एकाच किनाऱ्यावर आहे. नऊ हजार नऊशे मेगावॉटचा करार करताना युनिटचा दर, डॉलर-युरोचा भाव वर गेला तर तो कुणी सोसायचा आणि वीज घेतली नाही तरी पैसे द्यायचे का, ही तीन कलमं सही होण्याआधी जाहीर करायला हरकत काय?

कोल्हापूरकर करार वाचतात, हे तुमच्या कानावर असेलच. रस्त्याच्या टोलच्या वेळी एन. डी. पाटील सरांच्या मागं सगळं शहर रस्त्यावर आलं होतं. रस्त्यांचा दर्जा आणि कराराची कलमं दोन्ही चव्हाट्यावर आली आणि अखेर टोल गेला.

तिसरी तक्रार जैतापूरच्या लोकांची. ती माझी नाही, असं कुणी म्हणेल. कोल्हापूरपासून जैतापूर सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आतबाहेर आहे. अणुस्कुरा घाट उतरला की राजापूर तालुका. आमच्या मार्केट यार्डात उन्हाळ्यात येणारा हापूस त्या किनाऱ्याचा असतो, मासळी घाट चढून येते. वीज आम्हाला हवी म्हणून जमीन त्यांची गेली, एवढं नातं पुरेसं आहे.

माडबन, करेल, निवेली, मिठगवाणे, वरिलवाडा या गावांची ९३८ हेक्टर जमीन घेतली गेली. नोव्हेंबर २०१०मध्ये पर्यावरण मंजुरी दिली ती ३५ अटींसह. डिसेंबर २०१०मध्ये फ्रेंच अध्यक्षांच्या दौऱ्यात करार झाला. पाठोपाठ मार्च २०११मध्ये फुकुशिमा झालं आणि १८ एप्रिल २०११ला साखरीनाट्याला पोलिसांच्या गोळीबारात एक जण मेला. त्यानंतर २०१८ला नवा करार, २०२१ला नवी फ्रेंच ऑफर. एवढं होऊनही तिथं भट्टीच्या पायाचं काँक्रीट पडलेलं नाही. पंधरा वर्षं ती गावं ना धड मोकळी, ना धड विस्थापित. नाट्याच्या मच्छीमारांनी नवी बोट घ्यायची का, गरम पाणी समुद्रात सोडल्यावर मासळी कुठं जाईल, पोरानं गावात राहायचं की मुंबई गाठायची, याचं उत्तर त्यांना कुणी देत नाही. तुमच्या लेखी तो प्रलंबित प्रस्ताव आहे, त्यांची मात्र त्यात एक पिढी गेली.

तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण उठवली. पुनर्वसनासाठी त्या लोकांना वर्षानुवर्षं कोर्टात खेटे घालावे लागले. हे राजापूरच्या माणसाला माहीत आहे. तो तुमच्या नव्या आश्वासनावर का विश्वास ठेवेल?

आणखी एक. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला, तो कोल्हापूरनं अंथरुणात अनुभवला. माझ्या आईच्या पिढीतल्या कुणालाही विचारा. जैतापूरच्या भूकंपाच्या अभ्यासावर शास्त्रज्ञांमध्येच वाद आहेत. ते वाद मिटवणं माझ्या आवाक्यातलं काम नाही, पण तुम्ही ज्या अहवालांवर विसंबून आहात ते पूर्ण, मराठीत, उघडे ठेवा. आमच्याकडं वाचणारे आहेत.

चौथी तक्रार घोषणांची, आणि ती थोडक्यात. १९८०च्या दशकात सांगितलं होतं, २००० सालापर्यंत १० हजार मेगावॉट. पुढं सांगितलं, २०२०पर्यंत २० हजार. आज २०२५ संपलं तरी देशात अणुविजेची क्षमता ९ हजारांच्या आत आहे आणि एकूण विजेतला वाटा तीन टक्क्यांच्या आसपास. फेब्रुवारी २०२५च्या अर्थसंकल्पात २०४७पर्यंत १ लाख मेगावॉट जाहीर झाले, म्हणजे दरवर्षी चार हजारांवर भर घालायची. छप्पन्न वर्षांत जेवढं उभं राहिलं, त्याच्या निम्मं दरवर्षी. एप्रिल २०२५मध्ये महाराष्ट्रानं रशियाच्या रोसॅटमशी थोरियमच्या छोट्या भट्टीसाठी सामंजस्य करार केला. थोरियम स्वतः पेटत नाही, त्याचं आधी युरेनियम-२३३ करावं लागतं. होमी भाभांच्या तीन टप्प्यांच्या आराखड्यात तो तिसरा टप्पा आहे, आणि दुसऱ्या टप्प्यातल्या कल्पक्कमच्या ५०० मेगावॉटच्या भट्टीचं बांधकाम २००४ला सुरू झालं होतं. संशोधन जरूर करा, त्याला माझा सलाम आहे. पण ते आमच्या पुढच्या दहा वर्षांच्या विजेच्या हिशेबात धरू नका.

जे आपल्याला येतं तेच वाढवा, असं मला वाटतं. काक्रापारच्या ७०० मेगावॉटच्या दोन देशी भट्ट्या २०२३ आणि २०२४मध्ये व्यावसायिक वीज देऊ लागल्या. अशा भट्ट्यांचे भाग वालचंदनगरला होतात, गोदरेज, एल अँड टी करतात. त्याच डिझाइनच्या एकामागून एक भट्ट्या घेतल्या तर कारागिरांचा हात बसतो. आमच्यासारख्या फौंड्र्यांनाही त्या कामासाठी पात्र व्हायची संधी मिळेल. आम्ही त्या ऑर्डरची जबाबदारी घ्यायला तयार आहोत, डेबिट नोटसकट. २२० मेगावॉटच्या 'भारत स्मॉल रिॲक्टर'ची योजना मात्र ज्यांच्याकडं हजारो कोटी आहेत अशा पोलाद-सिमेंटच्या बड्या उद्योगांसाठीच आखलेली दिसते. तीनशे फौंड्र्यांनी मिळून त्यातला वाटा घ्यायचा म्हटलं तर दार कुठं आहे?

मागण्या अशा:

नव्या कायद्यात दुरुस्ती करून, भट्टीचं डिझाइन आणि मुख्य सामग्री पुरवणाऱ्या कंपनीवर लपलेल्या दोषाची जबाबदारी पुन्हा आणा. छोट्या देशी पुरवठादारांना ऑर्डरच्या किमतीपुरती मर्यादा द्या. दुरुस्ती होईपर्यंत सरकारी कंपनीच्या प्रत्येक करारात हे कलम सक्तीचं करा.

अणुविजेचा दर वीज नियामक आयोगाच्या कक्षेत आणा. महाराष्ट्रानं कुठल्याही अणुवीज खरेदीवर सही करण्याआधी दर, चलनाची जोखीम आणि किमान खरेदीची अट जाहीर करून मुंबई, रत्नागिरी आणि कोल्हापूर इथं जनसुनावणी घ्या.

जैतापूरबद्दल एक तारीख ठरवा. त्या तारखेपर्यंत अंतिम करार झाला नाही, तर जमीन मूळ मालकांना परत करण्याची प्रक्रिया सुरू करा. करार होणार असेल, तर भूकंप, समुद्राचं पाणी आणि मासेमारीचे सगळे अहवाल मराठीत प्रसिद्ध करा आणि ३५ अटींपैकी कुठल्या पाळल्या, कुठल्या नाहीत, ते एकेक करून सांगा.

महाराष्ट्रातल्या अणुवीज केंद्रांच्या तपासणीचे अहवाल नियामक मंडळानं दरवर्षी मराठीत प्रसिद्ध करावेत.

छोट्या भट्ट्यांच्या योजनेत लघुउद्योगांच्या समूहांना एकत्र येऊन वाटा घेता यावा. आणि ते होईपर्यंत, रात्री चालणं ज्यांच्या प्रक्रियेला भागच आहे अशा भट्टी उद्योगांसाठी संध्याकाळ-रात्रीच्या जादा आकाराचा राज्य शासनानं आयोगापुढं फेरविचार मागावा.

या पत्राच्या प्रती कोल्हापूर आणि रत्नागिरीच्या खासदार-आमदारांना देत आहे. उत्तर लेखी द्यावं आणि मराठीत द्यावं, म्हणजे ते राजापूरलाही वाचता येईल आणि आमच्या नोटीस बोर्डवरही लावता येईल.

कळावे,
आपला,
एक फौंड्रीचालक
शिरोली, ता. हातकणंगले, जि. कोल्हापूर